गालगुंड, ताप आणि पुरुषबीज

गालगुंड आणि वृषणाची सूज यांचा संबंध वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. थासोस बेटावरच्या साथीत कानांपाशी सूज आलेल्या काही रोग्यांचे वृषणही दुखून सुजले, अशी नोंद हिपोक्रेटिसच्या नावावरील ग्रंथांत सापडते. हा आजार विषाणूमुळे होतो, हे १९३४ साली जॉन्सन आणि गुडपाश्चर यांनी दाखवले. विषाणू आणि पुरुषांचे वंध्यत्व यांच्या नात्याचा सर्वांत भक्कम पुरावा आजही याच आजाराचा आहे.

लहानपणी झालेले गालगुंड वृषणाला सहसा बाधत नाही. वयात आल्यावर झाले, तर लस न घेतलेल्या शंभरांतल्या १५ ते ३० जणांना वृषणदाह होतो. वृषणावरचे आवरण चिवट असते, ते ताणले जात नाही. त्यामुळे आत सूज आली की दाब वाढतो आणि शुक्राणू घडवणाऱ्या नाजूक नलिका चेपल्या जातात. दुसरी गोष्ट अधिक विलक्षण आहे. शुक्राणू वयात येताना, म्हणजे शरीराला आपले-परके ओळखता येऊ लागल्यावर, तयार होऊ लागतात, म्हणून शरीराच्या प्रतिकारयंत्रणेला ते परकेच वाटतात. नलिकांमधल्या सेर्टोली नावाच्या पेशींची भिंत त्यांना या यंत्रणेपासून आडोसा देते. दाहात ही भिंत खचली, तर शरीर स्वतःच्याच बीजावर उठू शकते. सुजलेल्या वृषणांपैकी जवळजवळ निम्मे पुढे थोडेफार आकसतात. मात्र सूज बहुधा एकाच बाजूला येते, त्यामुळे पूर्ण वंध्यत्व क्वचितच येते. ‘गालगुंड झाले, आता मूल होणार नाही’ ही धास्ती आजारापेक्षा मोठी आहे.

विषाणू वृषणात न शिरताही नुसत्या तापाने नुकसान होते. शुक्राणुनिर्मितीला शरीरापेक्षा दोन-चार अंश कमी तापमान लागते. फ्लूचा कडक ताप येऊन गेला की काही आठवड्यांनी शुक्राणूंची संख्या घटलेली दिसते. एका शुक्राणूच्या घडणीला सुमारे ७४ दिवस लागत असल्याने ही घट साधारण तीन महिन्यांत भरून निघते. तापानंतर लगेच केलेली वीर्यतपासणी म्हणूनच फसवी ठरते.

वीर्यात विषाणू सापडला म्हणजे वंध्यत्व आले, असे नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात वीर्यात सापडलेल्या २७ विषाणूंची नोंद होती. पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे २०२१ साली आढळलेल्या झिका विषाणूने उंदरांचे वृषण नासतात. माणसांत तसे सिद्ध झालेले नाही. झिकानंतर पुरुषाने तीन महिने निरोध वापरावा हा सल्ला जोडीदार आणि गर्भ यांच्या रक्षणासाठी आहे. कोविडनंतरची शुक्राणूंची घटही बहुधा तात्पुरती असते; कोविडच्या लसीने ती होत नाही. मूळ अडचण अशी की आजारापूर्वीचा वीर्यतपासणीचा अहवाल जवळपास कुणाकडेच नसतो, मग तुलना करणार कशाशी?

गालगुंडाच्या विषाणूवर औषध नाही. विश्रांती, वेदनाशामक आणि वृषणाला आधार एवढाच उपचार असतो. लस मात्र १९६७ पासून आहे. भारताच्या राष्ट्रीय लसीकरणात २०१७ साली आलेल्या गोवर-रुबेला लसीत गालगुंडाचा समावेश नव्हता; बालरोगतज्ज्ञांची संघटना तिन्ही आजारांवरच्या एमएमआर लसीची शिफारस करते.