ब्रेकचं ऑइल जातं कुठे?

(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीतलं बोलणं)

ताईंनो, आज वसुलीचा विषय नाही, घाबरू नका. आपल्यातल्या बऱ्याच जणी आता स्वतः गाडी चालवतात, म्हणून माझ्या मोटरसायकलचा किस्सा सांगते.

पावसाळ्यात माझा पुढचा डिस्क ब्रेक मऊ लागायला लागला. गॅरेजवाल्या दादांनी ऑइल भरून दिलं. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच, पुन्हा भरलं. तिसऱ्या वेळी मी उतारावर होते. मागे सीआरपी ताई, त्यांच्या मांडीवर गटांची दप्तरं. ब्रेक दाबला तर लिव्हर थेट मुठीला टेकला! मागचा ब्रेक आणि खालचा गिअर, यावर कशीबशी गाडी थांबली. ताई काही बोलल्या नाहीत. उतरल्या आणि चालायला लागल्या.

आता बघा, हे ऑइल इंजिनच्या ऑइलसारखं जळत नाही. ते बंद नळीत असतं. लिव्हर दाबला की त्याचा जोर खाली जातो आणि पॅड डिस्कला आवळतात. मग पातळी उतरते ती दोनच कारणांनी. पॅड झिजले तर हळूहळू, महिनोन्‌महिने. पंधरा दिवसांत उतरली तर गळतीच. पेटीतली रक्कम कमी भरली तर आपण पदरचे पैसे टाकून मोकळ्या होतो का? आधी गेली कुठे ते बघतो ना?

उजव्या मुठीजवळ ऑइलची डबी असते, तिला छोटी काच असते. पातळी काचेवरच्या खुणेच्या वर हवी. गळती शोधायला सगळं कोरडं पुसा, लिव्हर घट्ट दाबून मिनिटभर धरा आणि बघा: लिव्हरखालचं रबर, नळीच्या दोन्ही टोकांचे बोल्ट, खाली चाकाजवळचं कॅलिपर. कुठेच ओल नाही, तरी लिव्हर हळूहळू आत जातोय? मग डबीखालच्या मास्टर सिलिंडरचं आतलं सील गेलंय. बोल्टपाशी ओल असेल तर बहुतेक वेळा वायसर बदलून भागतं.

माझं लिव्हरखालून गळत होतं. हातमोजा रोज ओला व्हायचा, मी म्हणायची पाऊस! टाकीवरचा रंग फुगला तेव्हा कळलं. हे ऑइल रंग खातं, सांडलं की लगेच पाण्याने धुवायचं. सील किट बदललं, नळीतली हवा काढली, ब्रेक पुन्हा कडक झाला.

डबीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं. तेच ऑइल, तेही सीलबंद बाटलीतलं घ्या, कारण उघडं राहिलं की ते हवेतलं पाणी ओढतं. इंजिन ऑइल किंवा गोडं तेल चुकूनही नको, रबर फुगतं. पॅडवर ऑइल गेलं असेल तर पुसून भागत नाही, पॅड बदलायचे. आणि लिव्हर मुठीला टेकत असेल तर गाडी चालवत गॅरेजला न्यायची नाही, मेकॅनिकला बोलवायचं.

काही महागड्या गाड्यांचा क्लचही असाच ऑइलवर चालतो. तिथे गळती झाली की गिअर अडतो. आपल्याकडे बहुतेक क्लच तारेचेच. ज्यांच्या स्कूटीला ड्रम ब्रेक आहे, त्यांनाही यातलं काही लागू नाही.

गाडी बाहेर उभी आहे. बैठक झाली की या, काच कुठे असते ते दाखवते. सीआरपी ताई, तुम्हीपण या हं.