जंजिरा : शब्द ऐकण्याची कला

गाणे कसे ऐकावे हे सांगणारे जाणकार आपल्याला पुष्कळ भेटतात. शब्द कसा ऐकावा हे सांगायला सहसा कोणी येत नाही, म्हणून आज ते धारिष्ट मी करतो आहे. दिघीच्या धक्क्यावर उभे राहिले, की राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी सिद्दीचा किल्ला दिसतो, आणि होडीची वाट पाहणारा उतारू ‘जंजिऱ्याला जायचंय’ असे इतक्या सहज म्हणतो, की हा शब्द अरबस्तानातून आलेला असेल अशी शंकाही मनाला शिवत नाही.

मूळ अरबी शब्द ‘जझीरा’, म्हणजे बेट. त्याच्या अनेकवचनावरून अल्जिरिया या देशाचे नाव पडले, आणि ज्या धातूपासून तो निघाला त्याच धातूपासून ओहोटीला अरबीत ‘जझ्र’ म्हणतात. आपल्या संस्कृतातील ‘द्वीप’ शब्दाला दोन बाजूंचे पाणी दिसले. अरबी शब्दाच्या शेजारी ओसरणारे पाणी आहे. (‘जंजीर’ म्हणजे साखळी, तिच्याशी या शब्दाचे नाते जुळवणारे फसतात ते केवळ कानामुळे.)

परंतु खरी गंमत व्याकरणात आहे. अरबीत स्त्रीलिंगी असलेला हा शब्द, जिला लिंगभेदच ठाऊक नाही त्या फारसीच्या दरबारातून जेव्हा मराठीत उतरला, तेव्हा मराठीने त्याच्या कुळाची चौकशी न करता केवळ शेवटचा ‘आ’ पाहिला आणि त्याला ‘घोडा’, ‘वाडा’ यांच्या पंक्तीला पुल्लिंगी म्हणून बसविले; म्हणून जंजिरा, जंजिरे, जंजिऱ्यास. लॅटिनने ग्रीकांकडून खलाशासाठी ‘नाउटा’ हा शब्द घेतला, तेव्हा नेमके उलटे घडले : तेथे आकारान्त नामे बहुधा स्त्रीलिंगी, तरी खलाशी पुरुष म्हणून शब्द पुल्लिंगीच राहिला. तेथे अर्थ जिंकला, येथे रूप. मला आपल्या भाषेचा हा बेमुर्वतपणा अधिक आवडतो.

पुढे तर हे सामान्यनामच झाले. जुन्या दफ्तरांत ‘जंजिरे विजयदुर्ग’ असा उल्लेख येतो, तेथे बेटाचा अर्थ मागे पडून सागरी किल्ला एवढाच उरतो.

तेव्हा दिघीला गेलात तर ओहोटीची वेळ विचारून जा, आणि शेजारचा उतारू ‘जंजिऱ्या’तला तो ‘ऱ्या’ कसा उच्चारतो तेवढे कान देऊन ऐका.