घरच्या ध्वनिसंचाची परीक्षा

नवा ध्वनिसंच घरांत आला, कीं यजमान आवडीची ध्वनिमुद्रिका लावतो आणि तिच्या गोडीवरून कळा फिरवूं लागतो. ही परीक्षा फसवी आहे. आवडीचें गाणें इतकें पाठ असतें, कीं जें ऐकूं येत नाहीं तेंहि स्मृति भरून काढते. शिवाय त्या मुद्रिकेंत खर्ज मुळांतच कमी असेल, तर यजमान तो संचांत वाढवून ठेवतो. आणि सायंकाळीं बातम्या लागल्या, कीं घरांतील वृद्धांना शब्दांऐवजीं घुमाराच ऐकूं येतो.

म्हणून परीक्षेला असा ध्वनि हवा, कीं ज्याची घडण आधींच ठाऊक आहे. एकच शुद्ध स्वर सर्वांत सोपा वाटतो. पण खोलीपुढें त्याचें कांहीं चालत नाहीं. ध्वनि सेकंदाला सुमारें ३४४ मीटर जातो. चार मीटर लांबीच्या खोलींत सेकंदाला ४३ कंपनांचा स्वर समोरासमोरच्या भिंतींमध्यें स्थिर तरंग उभा करतो. भिंतीशीं तो दणदणतो, मध्यावर जवळजवळ नाहींसा होतो. खुर्ची दोन हात सरकवली, कीं निकाल फिरला! अति उंच स्वर मोठ्यानें लावणें तर धोक्याचेंच. लहान लाउडस्पीकरच्या तारेचें वेटोळें त्यानें जळूं शकतें.

त्यापेक्षां ‘पिंक नॉइज’ बरा. पावसाच्या सरीसारख्या या आवाजांत प्रत्येक सप्तकाच्या वांट्याला सारखीच शक्ति येते. ‘व्हाइट नॉइज’मध्यें ती वरच्या प्रत्येक सप्तकांत दुप्पट होत जाते, म्हणून तो कर्कश लागतो. डाव्याउजव्या बाजूंची पातळी जुळवितांना ५०० ते २,००० कंपनांपुरताच पिंक नॉइज घ्यावा, म्हणजे खर्जांतला खोलीचा घोळ मापांत शिरत नाहीं. माप नेहमींच्या बैठकीवर, कानाच्या उंचीवर घ्यावें. मग तोच आवाज दोहोंकडून एकदम लावावा. तो नेमका मधून आला तर ठीक. दिशाहीन पसरला आणि खर्ज खंगला, तर एका बाजूच्या तारा उलट जोडल्या गेल्या आहेत. इतकी स्वस्त परीक्षा दुसरी नसेल.

खोलीचा अभ्यासच करावयाचा, तर २० पासून २०,००० कंपनांपर्यंत चढणारी एक लांब मींड वाजवून ध्वनिमुद्रित करावी. अँजेलो फरिना या इटालियन संशोधकानें २००० सालीं मांडलेल्या रीतीनें तिच्यांतून खोलीचा प्रतिसाद आणि लाउडस्पीकरची विकृति निरनिराळी काढतां येते.

शेवटीं घरांतल्याच कोणाचें साधें बोलणें मोकळ्या जागीं मुद्रित करून लावावें. तें रांजणांतून आल्यासारखें घुमलें, तर कळांना हात लावण्याआधीं लाउडस्पीकर कोपऱ्यांतून पुढें ओढावे.