गाणे वहीत उतरवा
(साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आपल्या कोल्हापूर भागात पोवाडा ऐकला नाही असा माणूस विरळा. शाहीर पिराजीराव सरनाईक तर आपल्या कोल्हापूरचेच. शाहीर डफावर थाप मारतो. मागे तुणतुणे वाजते. झीलकरी "जी जी रं जी" म्हणून सूर ओढतात. मधेच शाहीर थांबतो आणि साध्या बोलीत विचारतो, "मग पुढं काय झालं?" लोक सरसावून बसतात. ऐकता ऐकता आपणच गडाखाली उभे आहोत, असे वाटू लागते.

सन १६५९ मध्ये शिवाजी महाराजांनी प्रतापगडाखाली अफझलखानाचा वध केला. अज्ञानदास शाहिराने त्यावर पोवाडा रचला. तो आपल्यापर्यंत कसा आला? गोंधळ्यांनी व शाहिरांनी असे पोवाडे तोंडपाठ ठेवले. पुढे शंकर तुकाराम शाळिग्राम आणि ॲक्वर्थ नावाचा इंग्रज अधिकारी यांनी ते गोळा केले. सन १८९१ मध्ये त्यांचे पुस्तक छापले. गळ्यातले गाणे कागदावर आले.

आता माझी गोष्ट ऐका. आमच्या गावी एक म्हातारे गोंधळी होते. लग्नघरी गोंधळ घालायचे. संबळ वाजायचा, दिवटी पेटायची, कथेत रात्र सरायची. एक मोठी कथा फक्त त्यांनाच येत होती. मी शाळामास्तर. रोज पोरांना शुद्धलेखन घालायचो. पण वही घेऊन त्यांच्यापाशी एक दिवस बसलो नाही. ते वारले. त्यांच्या नातवाला आता चारच कडवी येतात. बाकीची कथा त्यांच्याबरोबर गेली. मला लिहिता येत होते, म्हणून चूक माझी.

आता तुम्हालाही लिहिता येते. तुमच्या आजीला जात्यावरच्या ओव्या येत असतील. शेजारच्या धनगरवाड्यात कोणी ढोलावर ओव्या गात असेल. त्यांच्यापाशी बसा. म्हणतील तसेच लिहा. त्यांची बोली सुधारू नका. खाली गाणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख घाला. मग त्यांनाच वाचून दाखवा. राहिलेला शब्द ते सांगतील. मोबाईलमध्ये आवाजही धरून ठेवा.

वही मात्र पेटीत ठेवू नका. यात्रेच्या रात्री ती पारावर आणा. एकाने वाचावे, चौघांनी झील धरावी. कागदावरचे गाणे पुन्हा गळ्यात गेले, म्हणजे तुमचे शिकणे गावाच्या कामी आले.