सभासद कोणी आणि कसा करून घ्यावा?



अध्यक्षीय भाषणात चळवळीचा आढावा घेण्याची रीत आहे. तो सचिवांच्या अहवालात आलाच आहे, म्हणून मी माझा वेळ एकाच प्रश्नाला देणार आहे. आपल्या संघटनेत नवा माणूस घ्यायचा कसा? दुपारच्या सत्रात पोटनियमांचा मसुदा चर्चेला येतो आहे, आणि त्यातलं सभासदत्वाचं कलम वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे. अर्जदाराला दोन जुन्या सभासदांची शिफारस हवी, मग सर्वसाधारण सभेने गुप्त मतदान करून त्याला घ्यावं किंवा नाकारावं, असं ते कलम आहे. मसुदा करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. सगळे निर्णय लोकांनी जनमताने घ्यावेत असा आग्रह धरणाऱ्या आपल्या चळवळीने सभासदही मतानेच निवडावा, हे वरवर सुसंगत दिसतं. तरीही माझा त्याला विरोध आहे. प्रवेशाचे नियम सभेने मताने ठरवावेत. नियमात बसणाऱ्या माणसावर मात्र मत घेऊ नये.

ज्या अथेन्सचं नाव आपण आदराने घेतो, तिथे काय घडलं ते पाहा. इ.स.पू. ४५१ मध्ये पेरिक्लीसच्या कायद्याने ठरलं की आई आणि वडील दोघेही अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक. मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्याच्या गावचे नागरिक शपथ घेऊन त्याच्यावर मत देत आणि त्याचं नाव यादीत चढे. पुढे इ.स.पू. ३४६ च्या सुमारास सगळ्या गावांनी आपापल्या याद्या तपासून पाहाव्यात असं फर्मान निघालं. हालिमूस हे शहरापासून पस्तीस स्टेडिया, म्हणजे सहा-साडेसहा किलोमीटरवरचं गाव. तिथल्या युक्सिथिओस नावाच्या माणसाचं नाव कापलं गेलं आणि त्याने न्यायालयात दाद मागितली. डेमोस्थेनिस या वक्त्याच्या लेखनात त्याचं भाषण आजही वाचायला मिळतं. तो सांगतो, सभा शहरात भरली होती. त्र्याहत्तर जणांनी शपथ घेतली होती. सभा चालवणारा युबुलिदीस हा त्याचा वैरी. त्याने भाषणं आणि ठराव यांत दिवस घालवला आणि याचं नाव पुकारलं तेव्हा अंधार पडला होता. म्हातारी माणसं गावाकडे निघून गेली होती. मागे राहिले फार तर तीस जण, आणि मतं मोजली तर निघाली साठाहून अधिक!

ही एका बाजूची कैफियत आहे, हे धरून चालू. पण न्यायालयात तो हरला असता तर गुलाम म्हणून विकला जाण्याची शिक्षा होती, एवढा तो जुगार मोठा होता. आणि त्याने वर्णन केलेली सभा आपल्यापैकी कोणाला अनोळखी आहे? अडचणीचा विषय आयत्या वेळच्या विषयांत ढकलायचा, लांबून आलेल्यांची शेवटची एसटी सुटायची वेळ होऊ द्यायची आणि उरलेल्या आपल्या माणसांत ठराव मंजूर करून घ्यायचा. हे महाराष्ट्रातल्या शेकडो संस्थांत आपण पाहत आलो आहोत.

ते दोन हजार वर्षांपूर्वीचं झालं, असं कोणी म्हणेल. मग स्वित्झर्लंडकडे या. आपल्या प्रत्येक पत्रकात त्या देशाचं उदाहरण असतं. लूत्सर्न परगण्यातल्या एमेन या गावात नागरिकत्वाच्या अर्जांवर मतपेटीतून निर्णय होत असे. मार्च २००० मध्ये छपन्न जणांचा फैसला झाला. आठ जण स्वीकारले गेले आणि ते सगळे मूळचे इटालियन होते. नाकारलेल्यांत बहुतेक पूर्वीच्या युगोस्लाव्हियातून आलेले. स्थानिक छाननी सगळ्यांनी पार केली होती. त्यांनी विचारलं, आमचं काय चुकलं? याचं उत्तर देणारं कोणीच नव्हतं, कारण गुप्त मताला कारण द्यावं लागत नाही. जुलै २००३ मध्ये तिथल्या सर्वोच्च संघीय न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. अर्ज नाकारला तर कारण दिलंच पाहिजे, आणि मतपेटी कारण देऊ शकत नाही, हा त्या निकालाचा गाभा. पुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. मतपेटीची ही पद्धत परत आणावी म्हणून एका पक्षाने देशव्यापी जनमताची मागणी केली. १ जून २००८ ला मतदान झालं आणि जवळपास चौसष्ट टक्के स्विस मतदारांनी ती फेटाळली. म्हणजे माणसांवर मत घेऊ नये, हे शेवटी लोकांनीच मत देऊन सांगितलं.

त्याच देशातल्या आपेनझेल इनररोडन परगण्यात दरवर्षी चौकात सभा भरते आणि हात वर करून निर्णय होतात. तिथल्या पुरुषांनी १९९० च्या एप्रिलपर्यंत बायकांना त्या सभेत मत नाकारलं. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने आदेश दिला तेव्हा कुठे बायकांना हक्क मिळाला. आत असलेल्यांनाच बाहेरच्यांबद्दल शेवटचा शब्द दिला, की हे असं होतं.

शिफारशीचं तर आपल्याला सहकाराने पुरेसं शिकवलं आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम २३ मध्ये खुल्या सभासदत्वाचं तत्त्व आहे. पुरेशा कारणाशिवाय पात्र माणसाला सभासदत्व नाकारता येत नाही. नाकारलं तर कारणासह कळवावं लागतं, आणि तीन महिन्यांत काहीच कळवलं नाही तर अर्जदार सभासद झाला असं कलम २२ प्रमाणे मानलं जातं. कायदा इतका चोख करावा लागला, कारण अनुभव तसा होता. अर्ज घेऊन गेलं की छापील फॉर्म संपलेले असतात. साध्या कागदावर दिला तर पोच मिळत नाही, कारण शिक्का साहेबांच्या कपाटात आणि साहेब दौऱ्यावर. उलट निवडणुकीच्या तोंडावर एका रात्रीत पॅनेलच्या सोयीचे सभासद यादीत दाखल होतात. दोन जुन्या सभासदांची शिफारस ही अट याच वाटेवरची पहिली पायरी आहे. जिथे शिफारस लागते तिथे ओळख लागते, आणि ओळख आपल्या समाजात बहुतेक वेळा जातीतून, भावकीतून, पेठेतून येते. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला आपल्या संघटनेत कोण ओळखतं? तिची शिफारस कोण करील?

आपल्याच राज्यात याहून चांगला धडा आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंडांचं गाव आहे. तिथलं काम उभं करणारे देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं तुम्हा सर्वांना ठाऊक आहेत. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. या गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथले निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे तो तिथला अभ्यासगट. अभ्यासगटात कोणीही बसावं. गावचा माणूस, बाहेरचा कार्यकर्ता, एखाद्या विषयाचा जाणकार, सगळ्यांना मुभा. प्रश्न विचारावेत, कागद वाचावेत, वाद घालावा. निर्णय मात्र अभ्यासगट करत नाही, तो ग्रामसभेत होतो. आणि ग्रामसभेचा सभासद होण्यासाठी कोणाला अर्ज करावा लागत नाही. राज्यघटनेच्या २४३ व्या अनुच्छेदाप्रमाणे गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक माणूस ग्रामसभेत आहेच.

आपण गाव नाही. आपल्याकडे तयार मतदार यादी नाही, ती आपल्यालाच करावी लागेल. पण मेंढ्याने शिकणं आणि ठरवणं यांची जी फोड केली, ती आपल्याला जशीच्या तशी घेता येते. माझी सूचना अशी आहे. आपल्या अभ्यासगटाला पहिल्याच दिवशी कोणीही यावं, बोलावं, नाव-गाव हजेरीपटात लिहावं. सहा महिन्यांत तीन बैठकांना हजर राहिलेला माणूस मागेल तर सभासद झालाच. त्याला शिफारस नको, मुलाखत नको, मतदान नको. मताचा हक्क त्याच दिवसापासून.

यावर पहिला आक्षेप मला माहीत आहे. सभेच्या आदल्या आठवड्यात कोणी पुढारी टेम्पो भरून माणसं घेऊन आला तर? भीती खरी आहे, मी ती उडवून लावत नाही. पण सहा महिने आणि तीन बैठका ही अट याच भीतीसाठी आहे. आणि कोणाची माणसं सहा महिने येऊन शांतपणे बसली, वाचू लागली, बोलू लागली, तर ती आता आपली माणसं आहेत. त्यांना पाठवणाऱ्याने त्याची काळजी करावी.

दुसरा आक्षेप विचारांचा. जनमतावर विश्वास नसलेला माणूस घ्यायचा का? जरूर घ्यायचा. एमेनच्या मतपेटीवर शंका घेणारा माणूस आपल्यात आधीच असता, तर आजच्या मसुद्यात ते कलम आलंच नसतं. अट फक्त दोन गोष्टींची असावी. एका माणसाला एकच मत, आणि सभेत हरलो तरी निर्णय पाळीन.

वर्गणीबद्दलही जपून चालायला हवं. आपली नोंदणी ज्या १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आहे, त्याप्रमाणे वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली की सभासदाला मत देता येत नाही. मसुद्यात वर्गणीची मुदत डिसेंबरअखेर आहे आणि वार्षिक सभा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात. म्हणजे बीडहून ऊसतोडीला गेलेलं कुटुंब कारखान्याच्या तळावर कोपीत असताना थकबाकीदार ठरणार, आणि ते गावी परतेपर्यंत सभाही उरकलेली असणार. मुदत जूनअखेर न्यावी, सभा जुलैत घ्यावी, वर्गणी दहा रुपये ठेवावी, आणि ज्याला तेही जड जातात त्याने बैठकीची सतरंजी घातली तरी पुरे.

कोणाला नाकारायचंच असेल, तर लेखी कारण द्यावं, एका महिन्यात द्यावं. त्यावर अपील ऐकायला कार्यकारिणी नको. सगळ्या सभासदांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून सात जण काढावेत, आणि त्यांनी अर्जदाराला समोर बसवून ऐकावं.

राहता राहिला प्रश्न आपला, म्हणजे जे आज यादीत आहेत त्यांचा. मसुद्यात संस्थापकांना आजीव सभासदत्व दिलं आहे, आणि त्यात माझंही नाव आहे. ते वगळावं अशी उपसूचना मी आत्ताच सचिवांकडे लेखी देतो. हजेरीची अट मलाही लागू व्हावी. वर्षात तीन बैठकांना मी आलो नाही तर माझं मत थांबावं, आणि पुन्हा यायला लागलो की नव्या माणसाइतकाच काळ मीही थांबेन. ही उपसूचना दुपारी पहिल्या क्रमांकावर घ्यावी, सगळे हजर असताना.