सुगंध म्हणजे स्वच्छ हवा नव्हे

सुगंधी मेणबत्तीने खोली प्रसन्न होते, पण वास दरवळला म्हणजे हवा शुद्ध झाली असं नाही. तळणीचा वास फक्त झाकला जातो. उलट ज्योतीतून काजळीचे सूक्ष्म कण हवेत मिसळतात आणि लिंबाच्या सुगंधातल्या लिमोनीनची हवेतल्या ओझोनशी गाठ पडली, की थोडं फॉर्मल्डिहाइड हे अपायकारक रसायन तयार होतं. कुणी म्हणेल, आमची मेणबत्ती सोयाच्या मेणाची, नैसर्गिक आहे. पण मेण कुठलंही असो, वात लांबली की ज्योत फडफडते आणि काचेच्या काठावर काळी रेघ उमटते. मग उदबत्ती बरी? ती तर धुमसतच जळते, म्हणून धूर अधिक. तेव्हा हौस जरूर करा, पण वात ५-६ मिलिमीटरच ठेवा, खिडकी किलकिली करा. घरात कुणाला दमा असेल, तर मात्र हा मोह टाळलेलाच बरा.