नाशिकची पांढरी वाइन आणि आपली सांबारवडी
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



सकाळी शाळेच्या फाटकातच एकानं विचारलं, "काय गा, नाशकात दारू गाळतोस म्हणे?" सगळे हसले, मीही हसलो. पण हा प्रश्न मी वीस वर्षं टाळत आलो आहे. आईलाही 'द्राक्षाच्या रसाची कंपनी' एवढंच सांगितलं होतं. कारण तुम्हाला ठाऊक आहे. मी नववीत असताना मोहाच्या दारूनं माझे वडील नेले. त्या वर्षीची माझी फी ज्या सरांनी भरली, ते आज समोर बसले आहेत. म्हणून खरं काय ते सांगतो.

मी दारू गाळत नाही. गाळणं म्हणजे आंबवलेलं तापवून त्याची वाफ धरणं. मोहाची दारू तशी होते. वाइन आंबवण्यापाशीच थांबते. नाशिकला पांढऱ्या वाइनसाठी मुख्यतः शेनिन ब्लाँ आणि सॉव्हिन्यॉन ब्लाँ या जाती लावतात. दोन्ही मूळच्या फ्रान्समधल्या. तिथल्या 'सुला'ची पहिली वाइन २००० साली बाजारात आली, आणि पुढे आमच्यासारख्या पोरांना त्या भागात काम मिळालं.

वेलीची एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी आणि जानेवारी ते मार्च तोडणी. माझं काम प्रयोगशाळेत. रसातली साखर आणि आंबटपणा मोजायचा. लिटरभर रसातली साधारण १७ ग्रॅम साखर आंबली की १ टक्का मद्यार्क तयार होतो. ऊन वाढलं की साखर चढते, आंबटपणा उतरतो. आणि पांढऱ्या वाइनचा जीव त्या आंबटपणातच असतो. तोडलेला घड तापला तर वासही बिघडतो, म्हणून तोडणी पहाटेच उरकतात. पहिल्या हंगामात त्या पहाटे मला टोपली घेऊन मोहाखाली वाकलेली आई दिसली.

शेनिन मवाळ असते, पेरूच्या, पिकल्या फळाच्या वासाची. सॉव्हिन्यॉन चुणचुणीत, नाकाशी नेली की कापलेलं गवत, ढोबळी मिरची आठवते. एकदा आमच्याकडे कशाबरोबर काय जुळतं ते पाहायची बैठक होती. सगळ्यांनी चीज आणलं, मी घरची सांबारवडी नेली. तिकडच्या लोकांना 'सांबार' म्हणजे कोथिंबीर हे आधी समजवावं लागलं! पण थंडगार सॉव्हिन्यॉनबरोबर वडी अशी जुळली की डबा रिकामा झाला. हिरवा वास हिरव्या वासाला भेटला आणि आंबटपणानं तेल कापलं. लाखोरीच्या वड्यांचंही तेच. तलावातल्या मासोळीच्या रश्शाबरोबर किंचित गोडसर शेनिन चांगली, कारण गोडी तिखटाला आवरते. सावजी मटणापुढे मात्र दोघींनी हात टेकले. जहाल तिखटात मद्यार्क आणखी जाळतो.

हे सगळं चाखताना आम्ही घोट तोंडात घोळवतो आणि थुंकतो. दिवसात तीस-तीस नमुने असतात. गिळत बसलो तर दुपारी जीभही चालायची नाही आणि डोकंही.

गेल्या दिवाळीत आईला सगळं सांगितलं. ती बराच वेळ सूप पाखडत राहिली. मग म्हणाली, "थुंकता येते ना तुले? मंग करजो." पुढं काही बोलली नाही. मीही नाही.

सर, ते फीचे पैसे मी कधी परत केले नाहीत. तुम्ही घेतलेही नसते. पण त्या पैशातून शिकलेला पोरगा काय करतो, हे तुम्हाला दुसऱ्याकडून कळू नये, एवढंच वाटत होतं.

आज बाटली आणलेली नाही, ही शाळा आहे. पण पंगतीत सांबारवडी आहे. खाण्याआधी एकदा नाकाशी न्या. माझं निम्मं शिक्षण तिथंच झालं.